केस गळत नाहीत म्हणून कुत्री घरी आणावी का?

वाचक भगिनींचे पत्र, थोडक्यात: "आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घर स्वतःचे आहे, मागे लहानशी बाग आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि आठवड्यातले तीन दिवस घर सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत रिकामे असते. नऊ वर्षांच्या मुलीला सौम्य दमा आहे, म्हणून केस न गळणारे लहान कुत्रे आम्ही शोधत होतो. जवळच्या शेल्टरमध्ये सहा वर्षांची एक कॅव्हापू आहे, म्हणजे कॅव्हलियर स्पॅनियल आणि पूडल यांचा संकर. जर्दाळू रंगाचे मऊ कुरळे केस, वजन सात किलो. मुलीने फोटो पाहूनच तिचे नावही ठरवले आहे. ती पिल्लांची पैदास करून विकणाऱ्या एका ब्रीडरकडून सोडवून आणलेली आहे आणि घरात आधीपासून दुसरे कुत्रे असावे, असे शेल्टरचे म्हणणे आहे. ही अट शिथिल करून घेता येईल का? एप्रिलपासून सासूबाई सहा महिने आमच्याकडे राहायला येणार आहेत. त्यांना स्वयंपाकघरात कुत्रे चालणार नाही. शिवाय डिसेंबरात आम्ही महिनाभर सांगलीला जातो. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात त्या कुत्रीच्या केसांविषयी बरेच काही आहे. त्यांचा रंग आहे, मऊपणा आहे, ते गळत नाहीत ही सोय आहे आणि मुलीच्या दम्याला ते मानवतील ही आशाही आहे. तिच्या गेल्या सहा वर्षांविषयी मात्र एकच वाक्य आहे आणि शेल्टरची अट त्याच सहा वर्षांतून आलेली आहे. म्हणून उत्तर आधीच स्पष्ट देते: ती अट शिथिल करून घेण्याच्या खटपटीत पडू नका, आणि अट कायम असेल तर ही कुत्री घरी आणू नका. तुमचे घर कुत्र्यासाठी योग्य नाही, असे मी म्हणत नाही. या कुत्रीसाठी ते आज योग्य नाही एवढेच माझे म्हणणे आहे, आणि दुसऱ्या एखाद्या कुत्र्यासाठी ते योग्य व्हावे म्हणून काय करता येईल तेही पुढे लिहिते आहे.

दम्यापासून सुरुवात करते, कारण तुमचा सगळा शोध तिथूनच सुरू झाला आहे. पूडलच्या संकराची ॲलर्जी होत नाही हा समज ज्या घटनेतून पसरला, ती घटनाच त्या समजाच्या विरुद्ध साक्ष देते. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियातील रॉयल गाइड डॉग असोसिएशनमध्ये काम करणारे वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईतील एका दृष्टिहीन महिलेची मागणी आली होती. तिला मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. नुसते पूडल त्या कामाला उतरेनात, तेव्हा कॉनरन यांनी लॅब्रॅडॉर आणि स्टँडर्ड पूडल यांचा संकर केला; तोच लॅब्रडूडल. पिल्लांचे केस आणि लाळ तपासणीसाठी हवाईला पाठवली गेली आणि त्या वेतातले एकच पिल्लू त्या गृहस्थांना मानवले. एकाच आईबापाच्या पिल्लांत असा फरक पडत असेल, तर संपूर्ण संकराच्या नावाने हमी कोण देणार? पुढे या संकरांचा जगभर जो बाजार मांडला गेला, त्याबद्दल खुद्द कॉनरन यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली होती.

मुळात ॲलर्जी केसांची नसतेच. कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि मूत्रात काही प्रथिने असतात. त्यांतले प्रमुख प्रथिन 'कॅन एफ 1' या नावाने ओळखले जाते आणि ते सर्व जातींच्या कुत्र्यांत सापडते. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूडल, लॅब्रडूडल अशा 'ॲलर्जी न करणाऱ्या' म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांची लॅब्रॅडॉरसारख्या इतर कुत्र्यांशी तुलना केली होती. केसांतील या प्रथिनाचे प्रमाण पहिल्या गटातच उलट अधिक निघाले आणि घरातील हवेतल्या प्रमाणात फरक आढळला नाही. गालिच्यावर केस दिसत नाहीत म्हणजे हवेत काही नाही, असे मुलीच्या फुप्फुसांच्या बाबतीत गृहीत धरता येणार नाही.

तेव्हा कोणतेही कुत्रे निश्चित करण्यापूर्वी तुमच्या जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांच्या, दवाखान्यातील दम्याच्या नर्सशी बोला आणि मुलीची कुत्र्याच्या ॲलर्जीची चाचणी होऊ शकेल का ते विचारा. चाचणी होवो वा न होवो, जे कुत्रे घ्यायचे त्याच कुत्र्याबरोबर मुलीने शेल्टरमध्ये निरनिराळ्या दिवशी, बंद खोलीत, बराच वेळ घालवला पाहिजे. भेटीच्या दिवशी आणि त्यानंतरच्या रात्री तिचा खोकला, नाक, डोळे आणि पीक फ्लोचे (ती किती जोराने श्वास बाहेर फुंकू शकते त्याचे) आकडे लिहून ठेवा. कुत्र्याखालची वापरलेली चादर शेल्टरकडून मागून आणून बैठकीच्या खोलीत काही दिवस ठेवली, तर आणखी थोडे कळेल. कुत्र्याला वारंवार न्हाऊ घातले की अंगावरचे प्रथिन कमी होते हे खरे आहे, पण काही दिवसांतच ते पूर्वपदावर येते; म्हणजे उपयोग व्हायचा तर आठवड्यातून दोनदा आंघोळ घालावी लागेल, आणि ब्रीडरकडून सोडवलेल्या, माणसाचा हात अंगाला लागला तरी कदाचित थिजून जाणाऱ्या जनावरावर तो प्रयोग करणे मला निर्दयपणाचे वाटते.

आता त्या सहा वर्षांविषयी. इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 पासून 'लूसीज लॉ' या नावाने ओळखला जाणारा नियम लागू आहे. त्यानुसार सहा महिन्यांखालील पिल्लू दुकानदाराकडून किंवा दलालाकडून विकत घेता येत नाही. ते थेट ब्रीडरकडून किंवा शेल्टरमधूनच घ्यावे लागते. लूसी ही कॅव्हलियर जातीची कुत्री होती. 2013 मध्ये तिला वेल्समधील एका पपी फार्ममधून, म्हणजे पिल्लांच्या घाऊक पैदाशीच्या जागेतून, सोडवण्यात आले आणि 2016 मध्ये ती गेली. पुन्हा पुन्हा वीत गेल्यामुळे आणि पिंजऱ्यात ठेवल्यामुळे तिचे शरीर पार मोडून गेले होते. कायदा झाला तरी पिल्लांची मागणी काही थांबलेली नाही, आणि 2020-21 च्या टाळेबंदीत कॅव्हापू आणि कॉकापू (कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा संकर) यांना तर विलक्षण मागणी होती. खरेदीदार जे गोंडस पिल्लू कुशीत घेऊन जातो, त्याची आई मागेच राहते. तुम्ही जिचा फोटो पाहिला ती बहुधा अशा आयांपैकी एक आहे. तिचा ब्रीडर लूसीच्या मालकाइतका क्रूर असेलच असे नाही. पण अशा बऱ्याच कुत्र्यांनी घर म्हणून काही पाहिलेलेच नसते, आणि तिचेही तसेच आहे का, हे शेल्टरला नेमके विचारायला हवे.

घर न पाहिलेल्या कुत्रीला जिना चढता येत नाही. वॉशिंग मशीन सुरू झाले की ती सोफ्यामागे जाऊन बसते, दारातून आत-बाहेर करताना अडते, काच म्हणजे काय ते तिला कळत नाही, आणि शी-शू बाहेर करायची असते हे तिला सहाव्या वर्षी शिकवावे लागते. माणूस जवळ आला की पुढे काय होईल याचा तिला अंदाज नसतो. अशा कुत्र्यांना दुसऱ्या कुत्र्याचा जो उपयोग होतो तो करमणुकीपुरता नसतो. घरातले स्थिर, माणसाळलेले कुत्रे दारातून जाते, हातातून खाऊ घेते, बेल वाजली तरी पडून राहते, आणि नवी कुत्री ते पाहून हळूहळू धीर करते. तुम्ही कितीही प्रेमळ असलात तरी सुरुवातीचे कित्येक आठवडे ती ज्याला घाबरते तो माणूस तुम्हीच असणार आहात, त्यामुळे दुसऱ्या कुत्र्याचे काम तुम्हाला करता येणार नाही. त्यात आठवड्याचे तीन दिवस सात तासांचा एकांत. या देशातील बहुतेक संस्था सवयीच्या कुत्र्यालाही चार तासांपेक्षा जास्त एकटे ठेवू नका असे सांगतात. जिने आयुष्यभर आजूबाजूला इतर कुत्र्यांचा वावर आणि आवाज अनुभवला आहे, तिला रिकाम्या घरातली शांतता किती भयंकर वाटेल याचा विचार करा. अट शिथिल करण्याची विनंती करणे म्हणजे तिला जी एक मदत मिळू शकते तीच काढून घेणे होय. अट कोणी खडूसपणाने घातलेली नाही, आणि घासाघीस करण्याची ही जागाही नाही.

ही अट पूर्ण करण्यासाठी आधी एक कुत्रे घ्यावे आणि मग हिला आणावे, असा विचार तुमच्या मनात आला असेल तर तोही सध्या दूर ठेवा. दमा असलेल्या मुलीच्या घरात एकदम दोन कुत्री आणण्याचा सल्ला मी देणार नाही.

केस न गळण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पुढेमागे तुम्ही दुसरा एखादा पूडल-संकर पाहाल तेव्हाही हा प्रश्न राहणारच आहे. गळलेला केस जमिनीवर पडत नाही याचे कारण तो कुरळ्या केसांतच अडकून राहतो. रोज विंचरले नाही तर कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि पट्ट्याखाली जटा होतात. त्या त्वचेच्या लगत आवळत जातात, कातडी ओढली जाते, आत ओल धरते आणि पाय उचलला तरी दुखते. वरवर ब्रश फिरवून कुत्रे छान फुललेले दिसते, पण आत जट तशीच असते. म्हणून ब्रशनंतर धातूचा कंगवा त्वचेपर्यंत घालून पाहावा लागतो. सहा ते आठ आठवड्यांनी ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणारीकडे, न्यावे लागते आणि एवढ्या लहान कुत्र्यालाही प्रत्येक वेळी साधारण 40 ते 60 पौंड लागतात. बरे, ग्रूमरकडे जटा घेऊन गेलात तर ती सोडवत बसत नाही. सगळे केस उतरवून देते, आणि ते योग्यच आहे, कारण सोडवणे हा कुत्र्याचा छळ असतो. गालिचा झाडण्याचे काम वाचले तरी कंगव्याचे काम रोजचेच राहते. केस गळणाऱ्या, आखूड केसांच्या कुत्र्याला आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की भागते. तुमच्या घरी दोघेही नोकरी करत असताना यांतले सोयीचे कोणते, हे तुम्हीच ठरवा; माझे मत मी लपवलेले नाही.

आरोग्याविषयी थोडक्यात. संकर म्हणजे अधिक निरोगी, हाही एक पसरलेला समज आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने 2024 मध्ये कॉकापू, लॅब्रडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, तेव्हा बहुतांश सामान्य आजारांच्या बाबतीत फरक आढळला नाही. कॅव्हलियरकडून हृदयाच्या मायट्रल झडपेचा विकार येऊ शकतो, लहान पूडलकडून गुडघ्याची वाटी सरकण्याचा आणि डोळ्यांचा. प्रजननासाठी वापरलेल्या कुत्र्यांचे दात अनेकदा खराब असतात. कोणत्याही कुत्र्याची शेल्टरमधील वैद्यकीय नोंद पूर्ण वाचा आणि पशुवैद्याने हृदयात काही आवाज ऐकला आहे का ते विचारा, कारण आधीपासून असलेला आजार विमा कंपन्या सहसा भरपाईत धरत नाहीत आणि तो खर्च तुमच्याच खिशातून जाईल.

सासूबाईंच्या बाबतीत तुमची अडचण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसले फाटक लावून घ्या आणि देवघर आत असेल तर तेही त्याच हद्दीत राहू द्या. त्यांचा आग्रह सोवळ्यापोटी असेल, पण कुत्र्याच्या दृष्टीने तो अगदी रास्त आहे. आपले स्वयंपाकघर कुत्र्यासाठी धोक्याचेच असते. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि तुमच्या सासूबाई सांगलीहून येताना बेदाण्यांची पिशवी आणल्याशिवाय राहणार नाहीत. बेदाण्यांतले नेमके काय बाधते हे बराच काळ कोडे होते. अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी 2021 पासून टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले आहे, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदीही त्यांनी त्याच संदर्भात प्रसिद्ध केल्या आहेत. तेव्हा शिऱ्याचा घास, चिंचेच्या आमटीत कालवलेला भात, लाडवाचा तुकडा, यांतले काहीही प्रेमाने पुढे करायचे नाही, हे सासूबाईंना आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधीच सांगावे लागेल. कुत्र्याला देण्यासाठी साधी पोळी किंवा उकडलेले गाजर त्यांच्या हाताशी ठेवा, म्हणजे त्यांना नुसतेच 'नको' ऐकावे लागणार नाही.

मात्र दोन गोष्टी करू नका. कुत्रे आणून ठेवायचे आणि विमानतळावरून घरी येताना सासूबाईंना सांगायचे, असे होऊ देऊ नका. सहा महिने ते घर त्यांचेही असणार आहे, तेव्हा आत्ताच फोनवर त्यांना विचारा. आणि त्या घरी असतील म्हणून सात तासांचा प्रश्न सुटला, असे मनातल्या मनात गणित मांडू नका. ज्यांना कुत्र्याची सवय नाही अशा वयस्कर बाईवर त्याची जबाबदारी टाकणे दोघांवरही अन्याय आहे, शिवाय ऑक्टोबरात त्या परत गेल्यावर कुत्र्याला एकदम एकटे राहावे लागेल.

तेही नेमके वाईट वेळी. इंग्लंडात 5 नोव्हेंबरला बॉनफायर नाइट असते आणि आपली दिवाळी तिच्या मागेपुढेच येते, त्यामुळे फटाक्यांचे दोन-तीन आठवडे सलग जातात; रात्री अकरानंतर फटाके उडवायला एरवी बंदी असली तरी दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत परवानगी आहे. घाबरट कुत्री याच दिवसांत पट्टा तोडून किंवा कुंपणाखालून पळतात. त्यानंतर लगेच डिसेंबरात तुमची महिन्याभराची सांगलीची खेप. भारतात कुत्रे नेणे आणि परत आणणे सुट्टीपुरते करण्याजोगे नाही, म्हणून महिनाभर ते कोठे राहणार हे आधी ठरले पाहिजे: परवाना असलेले केनेल, की घरगुती पद्धतीने कुत्री सांभाळणारे परवानाधारक कुटुंब. नाताळच्या जागा फार लवकर भरतात. नव्याने आलेल्या कुत्र्याला दोन महिन्यांत परक्या ठिकाणी सोडून जाणे म्हणजे झालेली प्रगती पुसून टाकणे आहे, त्यामुळे माझ्या मते कुत्रे घरी आणण्याची तुमची वेळ सांगलीहून परतल्यावरची, म्हणजे जानेवारीची आहे.

तोपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. अनेक संस्थांना तात्पुरता सांभाळ करणारी घरे हवी असतात; डॉग्ज ट्रस्टसारख्या मोठ्या संस्थाही अशी घरे शोधत असतात. तात्पुरत्या सांभाळात अन्न आणि उपचार यांचा खर्च सहसा संस्था करते. दम्याच्या नर्सने हरकत नाही असे सांगितले, तर काही आठवड्यांसाठी एखादे कुत्रे असे घरी ठेवून पाहा. शेल्टरच्या भेटीत जे कळत नाही ते मुलीच्या छातीबद्दलही कळेल आणि तुमच्या दोघांच्या वेळापत्रकाबद्दलही. मुलीला मात्र सुरुवातीलाच सांगा की हे परत जाणार आहे. ते न सांगता केले तर तिच्या रडण्यापुढे तुम्ही निर्णय घ्याल.

शेल्टरला लिहाल तेव्हा या कुत्रीविषयी न लिहिता स्वतःविषयी लिहा: मुलीचे वय आणि दमा, घर किती तास रिकामे असते, त्यासाठी दुपारी येऊन कुत्र्याला फिरवणाऱ्या माणसाची तुम्ही काय व्यवस्था कराल, बागेच्या कुंपणाची उंची, सासूबाईंचा मुक्काम, डिसेंबरची खेप. यांतले काहीही झाकू नका. त्यांचा माणूस घर पाहायला येणारच आहे. आणि मागणी अशी करा: घरातच वाढलेले, पूर्वी लहान मुलांबरोबर राहिलेले, काही तास एकटे राहण्याची सवय असलेले, पाच-सहा वर्षांचे किंवा त्याहून मोठे लहान कुत्रे. मालक वारल्यामुळे किंवा वृद्धाश्रमात गेल्यामुळे अशी कुत्री शेल्टरमध्ये येत असतात. त्यांत पूडलचा संकर निघाला तर ठीक, टेरियर किंवा नाव नसलेली मिसळ निघाली तरी तिला नाही म्हणू नका.

ते कुत्रे येईल तेव्हा दोघांपैकी एकाने निदान पहिले दोन आठवडे रजा घ्यावी. पहिल्या दिवशी पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, उचलून घेऊ नका. एका कोपऱ्यात अंथरूण घालून द्या आणि ते तिथे असताना किंवा जेवत असताना कोणीही जवळ जायचे नाही, हा नियम मुलीकडून पाठ करून घ्या. कुत्रे तोंड फिरवते, ओठ चाटते, झोप नसताना जांभई देते तेव्हा ते 'पुरे' म्हणत असते. नऊ वर्षांच्या मुलीला हे चटकन समजते आणि बहुधा ती मोठ्यांनाही टोकू लागते. बाहेर जाताना गळ्याचा पट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्हींना दोरी अडकवा, कारण नवी कुत्री पहिल्या काही दिवसांतच निसटतात. मायक्रोचिपवरची नोंद तुमच्या नावावर झाली आहे ना हे स्वतः तपासा आणि गळ्यात नाव-पत्ता असलेली चकती घाला. दोन्ही गोष्टी इथे कायद्याने बंधनकारक आहेत.

मुलीने ठरवलेल्या नावाचे काय, असे तुम्ही विचारलेले नाही, पण घरात तो प्रश्न येणारच. ही कुत्री आपल्याकडे का येत नाही ते तिला खरे कारण देऊन सांगा: तिला सोबतीला एक कुत्रे हवे आहे आणि आपल्याकडे ते नाही. तिला दुसरे घर मिळाले की कळवा, अशी विनंती शेल्टरला केलीत तर बरीच शेल्टर तेवढे कळवतात.